माप लहान झाले तर

धाराशिवच्या आसपास पडीक जागेत, बांधाच्या कडेला आसंध आपोआप उगवते. कागदी पिशवीसारख्या पातळ वेष्टनात दडलेली लाल फळे पाहिली की ओळख पटते. कुठे तिला ढोरगुंज म्हणतात. औषधाच्या दुकानात ती अश्वगंधा होते. वनस्पतिशास्त्राचा शिक्षक म्हणून मला या झाडाविषयी हमखास विचारतात : पाऊस कमी पडला तर गुण वाढतो का? आमच्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात हे निव्वळ कुतूहल नाही. उत्तर चुकून ‘हो’ आले, तर एखादा शेतकरी पाणी तोडेल आणि मुळांच्या वजनात मार खाईल.

आसंधातील विथॅनोलाइड ही द्रव्ये झाड एन्झाइमांच्या मदतीने बनवते. त्या एन्झाइमांची जनुके किती जोरात चालू आहेत, हे त्यांच्यापासून तयार झालेल्या आरएनएवरून मोजता येते. तंत्र कोविडने घरोघरी पोचवले आहे : आरटी-पीसीआर. आरएनएपासून डीएनए करायचा, तो प्रत्येक आवर्तनात दुप्पट करत न्यायचा आणि कितव्या आवर्तनाला यंत्राला दिसू लागतो ते पाहायचे. तीच ‘सीटी व्हॅल्यू’. मूळ माल जास्त, तर आकडा लहान. एका आवर्तनाचा फरक म्हणजे दुपटीचा फरक.

पण दोन नमुन्यांतून सारखाच आरएनए हाती लागेल याची हमी नसते. औषधी वनस्पतींत तर फिनॉल, चिकट शर्करा अशा गोष्टी आडव्या येतात. म्हणून सोबत एखादे असे जनुक मोजतात, जे सर्व स्थितींत सारखेच चालते असे मानलेले असते. हे संदर्भ जनुक, म्हणजेच माप. ॲक्टिन, ट्युब्युलिन, जीएपीडीएच ही नेहमीची नावे. मीही काही वर्षे ॲक्टिन डोळे झाकून वापरले.

आता हिशेब पाहा. पाणी दिलेल्या रोपात विथॅनोलाइडच्या जनुकाचा आकडा 25, ॲक्टिनचा 18, अंतर 7. तहानलेल्या रोपात पहिला आकडा 25च, पण ॲक्टिनचा 20, अंतर 5. दोन आवर्तने कमी, म्हणजे जनुक चौपट वाढले, असे आपण लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात दोन्ही नमुन्यांत आरएनए सारखाच असेल, तर ते जनुक तसूभरही हललेले नाही. घटले ते ॲक्टिन. पायली लहान झाली की रास मोठी भरते, हे खळ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. ॲक्टिन पेशीच्या सांगाड्याचे, वाढीशी जोडलेले. दुष्काळात आधी वाढच थांबते. म्हणजे आमच्या प्रश्नासाठीच हे माप सर्वांत संशयास्पद.

त्यामुळे आधी मापाचीच परीक्षा घ्यावी लागते. आठ-दहा उमेदवार जनुके घ्यायची, ती पान, मूळ, ओली-कोरडी अवस्था अशा सगळ्या नमुन्यांत मोजायची. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 मध्ये ‘जीनॉर्म’ ही पद्धत मांडली : ज्या दोन जनुकांचे परस्परांशी गुणोत्तर सर्वत्र टिकते, ती विश्वासार्ह. युक्ती सुंदर आहे, पण तिला एक भोक आहे. एकाच कामात गुंतलेली दोन जनुके एकत्र वर-खाली होतात आणि स्थिर भासतात. संगनमत केलेल्या साक्षीदारांची जबानीही जुळतेच. म्हणून 2004 मध्ये आलेले ‘नॉर्मफाइंडर’ नमुन्यांचे गट पाडून गटांतर्गत आणि गटागटांतला चढउतार वेगवेगळा तपासते. दोन्ही लावून पाहावे, आणि एकाऐवजी दोन-तीन जनुकांची भूमितीय सरासरी माप म्हणून घ्यावी.

आसंधासाठी अशी पडताळणी अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील गटाने जपानी सहकाऱ्यांसह 2015 मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचून आयते जनुक उचलावे, असा मोह होतो. पण पानात स्थिर असलेले जनुक मुळात तसे असेलच असे नाही, आणि कुंडीतला ताण म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा नव्हे. उसनी पायली घरच्या धान्यावर एकदा तपासूनच घ्यावी लागते.

आता कुणी ‘दुष्काळात जनुक इतके पट वाढले’ असा निबंध दाखवला की मी आलेख बाजूला ठेवून पद्धतीचा परिच्छेद काढतो. तिथे एकट्या ॲक्टिनचे नाव असेल आणि त्याच्या पडताळणीचा शब्दही नसेल, तर शेतकऱ्याला काही सांगायला जात नाही. विद्यार्थ्यांनाही पान खुडल्याची वेळ टिपायला लावतो, कारण अनेक जनुके घड्याळाप्रमाणे दिवसभरात चढतात-उतरतात. सकाळी सातचे ओले रोप आणि दुपारी दोनचे कोरडे रोप शेजारी ठेवले, तर फरक पाण्याचा की वेळेचा, हे कोणतेच संदर्भ जनुक सांगणार नाही.