डागालाही कारण हवे



यंदा आपल्या शाळेच्या छंदवर्गात आठवी-नववीच्या मुलांनी दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती करायला घेतली आहे. काम पाहायला येणारी मंडळी आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, शाळेत लढाऊ विमान कशाला? दुसरा, इतके सुबक रंगवलेले विमान मुले मुद्दाम मळवतात कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहावे, असे आम्हाला वाटले.

हेच विमान का?

स्पिटफायर हे इंग्लंडचे विमान. रेजिनल्ड मिचेल हे त्याचे रचनाकार. ५ मार्च १९३६ रोजी ते पहिल्यांदा उडाले आणि पुढे अशी वीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. युद्धकाळात ज्या संस्थानांनी आणि प्रदेशांनी मोठ्या देणग्या दिल्या, त्यांची नावे ब्रिटिश हवाई दलाने आपल्या काही तुकड्यांना दिली. १९४१ साली नव्याने उभ्या राहिलेल्या १२४ क्रमांकाच्या तुकडीचे नाव होते 'बडोदा'. तिच्या बोधचिन्हावर मुंगूस आहे आणि संकट हीच आमची संधी, अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे. ही तुकडी स्पिटफायर उडवत असे.

त्या वेळी बडोद्याच्या गादीवर प्रतापसिंहराव गायकवाड होते. देणगी संस्थानाची असली तरी संस्थानाचा पैसा म्हणजे शेवटी रयतेचा पैसा. आणि हेही मुलांना सांगितलेच पाहिजे की ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'भारत छोडो'ची हाक दिली गेली, तेव्हा आपल्या गावाचे नाव लावलेली विमाने ब्रिटिशांच्या बाजूने लढत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. इतिहासाच्या पुस्तकात त्या वेगवेगळ्या पानांवर असतात. टेबलावर विमान ठेवले की त्या एकत्र येतात.

बहात्तरचा हिशोब

आपली प्रतिकृती १:७२ या प्रमाणात आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे सरळ गणित आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंच माणूस बरोबर एक इंचाचा होतो. मुले करीत आहेत त्या पाचव्या आवृत्तीच्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता. त्याला ७२ ने भागले की साधारण १५.६ सेंटिमीटर येतात, म्हणजे आपल्या कंपासपेटीतील पट्टीएवढे विमान!

हा हिशोब मुलांनी पाठ करावा असा आमचा आग्रह असतो, कारण पुढे डाग पाडताना तोच कामी येतो. प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून मोठा टवका. घाईघाईने ब्रश टेकवला तर विमानाचा पत्राच उडाल्यासारखा दिसतो.

बांधणी आणि रंग

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. प्रथम ते साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचे, कारण साच्यातून काढताना त्यांना तेलकटपणा राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाग पिळून तोडायचे नाहीत, कापायचे. कापल्याची खूण बारीक काचपेपरने घासायची. वैमानिकाची बैठक आधी रंगवायची, कारण विमानाचे दोन्ही अर्धे भाग चिकटवले की तिथे ब्रश पोहोचत नाही. सांध्यात लांबी भरून पुन्हा घासायचे. चिकटवण्याचे द्रव आणि टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या आणि शिक्षक समोर, हा नियम पक्का.

ऑगस्ट १९४१ पासून इंग्लंडमधील लढाऊ विमानांच्या पाठीवर गडद हिरवा आणि राखाडी असे पट्टे असत, पोटाकडे फिकट राखाडी. वरून पाहणाऱ्याला ते जमिनीत मिसळलेले वाटावे आणि खालून पाहणाऱ्याला आभाळात. पंखांच्या बाहेरच्या भागाची पुढची कडा पिवळी असे. तीही ओळख पटावी म्हणून, शोभेसाठी नव्हे. रंग वाळल्यावर चकचकीत वार्निशचा हात देऊन त्यावर पाण्यात भिजवलेली चिन्हे आणि अक्षरे बसवायची. खडबडीत रंगावर ती नीट बसत नाहीत, खाली हवा राहून चंदेरी दिसतात.

मळवणे म्हणजे काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. विमान इथवर झाले की ते दुकानातल्या खेळण्यासारखे चकचकीत दिसते. पण रोज उडणारे विमान असे नसते. ते ऊन-पावसात उभे राहते, त्यावर माणसे चढतात, इंजिन धूर ओकते. या खुणा उमटवण्याच्या कामाला मुले 'मळवणे' म्हणतात. त्यासाठी आम्ही एकच नियम घातला आहे. प्रत्येक डागाचे कारण सांगता आले पाहिजे. कारण सांगता येत नसेल तर डाग नाही.

काही उदाहरणे पाहा. स्पिटफायरला वैमानिकाच्या बैठकीशी छोटे दार असे, आणि ते डाव्या बाजूला. म्हणजे चढणे-उतरणे डाव्या पंखावरून. म्हणून पंखाच्या मुळाशी रंग डावीकडे जास्त झिजलेला हवा. दोन्हीकडे सारखा झिजवला तर हात सफाईदार, पण डोके वापरले नाही.

झिजलेल्या जागी खालचा ॲल्युमिनियम चमकतो. तो दाखवायला स्पंजच्या तुकड्याने चंदेरी रंग अगदी किंचित टेकवायचा. पण शेपटीवरील हलणाऱ्या भागांवर पत्रा नव्हता, कापड ताणून बसवलेले होते. कापडावर चंदेरी टवके कुठून येणार? काही विमानांच्या पंख्याची पाती लाकडाची असत, तिथेही तीच गोष्ट.

धुराचा काळपट पट्टा इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांपासून निघून मागे फिकट होत जातो. त्यासाठी चित्रकलेच्या तासाचे पेस्टल खडू घासून केलेली पूड आणि मऊ ब्रश पुरतो. उडताना गळलेले तेल वाऱ्याने मागे ओढले जाते, तर उभ्या विमानातील तेल सरळ खाली ठिबकते. म्हणजे डागाची दिशा पाहून तो कधी पडला हे कळते. पत्र्याच्या सांध्यांत पातळ केलेला गडद तपकिरी रंग सोडून वरचा पुसून घेतला की सांधे उठून दिसतात. शेवटी मंद वार्निशचा हात, म्हणजे सगळे एकजीव होते.

सर्वांत चांगली चर्चा झाली ती बंदुकांवरून. पंखांतील मशीनगनच्या तोंडांवर लाल पट्ट्या चिकटवत, कारण आत धूळ जाऊ नये आणि उंचावरच्या थंडीत ओल गोठून बंदूक अडकू नये. पहिल्या गोळीबरोबर पट्टी फाटे आणि मग पंखाखाली काजळी धरे. तेव्हा मुलांना ठरवायचे होते की आपले विमान गोळीबार करून आले आहे की अजून निघायचे आहे? पट्ट्या शाबूत आणि काजळीही, असे दोन्ही चालणार नाही. दोन तास वाद झाला. शेवटी मुलांनी पट्ट्या शाबूत ठेवल्या. धूर-तेलाच्या जुन्या खुणा आहेत, म्हणजे हे विमान आधी उडाले आहे. आज मात्र ते तयार होऊन उभे आहे. परत येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथेच मिळाले. चकचकीत विमान पाहून मुलाला युद्ध हा खेळ वाटू शकतो. झिजलेले विमान पाहून तो विचारतो, इथे पाय कुणी ठेवला? हे तेल कुणी पुसले? एका वैमानिकामागे जमिनीवर राबणारे मेकॅनिक, शस्त्रे भरणारे, इंधन भरणारे असे कितीतरी हात असत. त्यांची नावे फारशी कुठे कोरलेली नाहीत. विमानावरची झीज ही त्यांच्याच कामाची नोंद आहे, आणि देणगी ज्यांच्या करातून गेली त्या बडोद्याच्या शेतकरी-कारागिरांची तर विमानावर तेवढीही खूण नाही. ती आपण शेजारच्या पाटीवर शब्दांत लिहिणार आहोत.

शिस्त आणि हस्तकौशल्य हे या उपक्रमाचे फायदे आहेतच. पण आमच्या दृष्टीने मोठा लाभ हा की मुले पुराव्याशिवाय काही लावायचे नाही, हे शिकत आहेत. ही सवय उद्या उत्तरपत्रिकेत, बातमी वाचताना आणि कुणाविषयी मत बनवतानाही उपयोगी पडेल. माणसावर डाग लावण्याआधी तर कारण विचारलेच पाहिजे.

प्रतिकृती वार्षिक प्रदर्शनात ठेवली जाईल. पालकांनी जरूर यावे आणि कोणत्याही डागावर बोट ठेवून मुलांना कारण विचारावे. ज्यांच्या घरी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या युद्धकाळातील बडोद्याच्या आठवणी किंवा जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती आम्हाला दाखवावीत. मुले त्यांची नक्कल करून घेतील व मूळ वस्तू जपून परत करतील.

— मुख्याध्यापक