धोक्याची घंटा थांबवतं कोण?

मे महिन्यात गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो. पण शाळेला सुट्टी! पोरं कैऱ्या पाडायला भर उन्हात पळतात. आई ओरडते, "अरे, डोक्याला रुमाल तरी बांध!" आईला काळजी असते उन्हाच्या चटक्याची. पण दोस्तांनो, उन्हात आणखी एक गोष्ट असते. ती दिसत नाही आणि चटकतही नाही. ते म्हणजे अतिनील किरण.

हे किरण कातडीच्या पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. डीएनए म्हणजे पेशीची पोथीच. चारच अक्षरांत लिहिलेली, आणि धागा सरळ केला तर जवळजवळ २ मीटर लांब! अतिनील किरणांनी शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. गॅमा किरणांनी तर धागाच तुटतो.

पावसात शेताचा बांध फुटला की औत सोडून सगळे तिकडे धावतात ना? पेशीही तेच करते. धागा तुटला की जवळच्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लागते, जणू लाल झेंडी. मग पी-५३ नावाचं प्रथिन वाढतं आणि हुकूम सोडतं, 'विभाजन बंद!' फाटक्या पोथीची नक्कल करायची नाही. तोवर दुरुस्ती करणारी प्रथिनं कामाला लागतात.

इथवरचं पुष्कळ पुस्तकांत सापडतं. मला खरी गंमत वाटते पुढची. बांध सांधला, पण 'चला, आता पेरणीला लागा' असं सांगणार कोण? पेशीत काही मुकादम नसतो!

घंटा वाजवणारा पी-५३च ती थांबवायची सोय करून ठेवतो. तो जी प्रथिनं बनवायला लावतो, त्यांतलं एक एमडीएम-२. ते चक्क पी-५३लाच धरून मोडीत काढतं. दुसरं विप-१. ते झेंड्या उतरवतं. घाव उरला असेल तर झेंड्या पुन्हा लागतात आणि घंटा पुन्हा वाजते. २००४ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे एकेका जिवंत पेशीत पाहिलं. गॅमा किरण दिल्यावर पी-५३ काही तासांच्या अंतराने वाढत नि ओसरत होतं. घाव जास्त, तर घंटा मोठ्याने नाही, जास्त वेळा वाजे!

घंटा थांबलीच नाही तर? ती पेशी पुन्हा कधीच विभागत नाही, किंवा मरून जाते. आणि वेळेआधी थांबली तर जास्तच वाईट. चुकांसकट पोथीच्या नकला निघतात. स्तनाच्या काही कर्करोगांत विप-१च्या जनुकाच्या जादा प्रती सापडतात, त्या उगाच नव्हेत. झेंड्या उतरवणारेच फार झाले!

ही युक्ती फक्त माणसाचीच नाही बरं का. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू १९५६ साली अमेरिकेत सापडला, तोही किरण मारून निर्जंतुक करू पाहिलेल्या डबाबंद मांसात. माणसाला ५ ग्रे किरणोत्सर्ग जीवघेणा ठरतो, हा पठ्ठ्या ५,००० ग्रे पचवतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करत आले आहेत. त्याच्याकडे पी-५३ नाही. दुरुस्तीच्या जनुकांना डीडीआर-ओ नावाच्या प्रथिनाचं कुलूप असतं. घाव झाला की दुसरं एक प्रथिन हे कुलूप कापतं. आणि जी जनुकं मोकळी होतात त्यांत कोणाचं जनुक असावं? कुलपाचंच! कापणं थांबलं, की नवी कुलपं लागायला सुरुवात होते.