चेक दिसला, पैसा आला काय?

मोबाईलवरून माल विकण्याचा व्यवसाय आता आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही रुजला आहे. कोणी लोणची-पापड विकतो, कोणी शिवलेले कपडे. गिऱ्हाईक शेकडो कोसांवर. ना त्याचे तोंड पाहिलेले, ना त्याची पत ठाऊक. अशा गिऱ्हाइकाने चेक देऊ केला, तर माल केव्हा धाडावा? आपल्या सभासद कुटुंबांतील तरुण आणि गृहिणीही या धंद्यात उतरत असल्यामुळे या प्रश्नाची थोडी फोड येथे करीत आहे.

माझा एक जुना विद्यार्थी वोज कारागिरांनी घडविलेल्या पितळी मूर्ती विकतो. ‘आदिलाबाद डोक्रा’ या नावाने या कलेला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेलच. दूरच्या शहरातील एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे अठरा हजारांचा माल मागविला आणि भरलेल्या चेकचे छायाचित्र मोबाईलवर पाठविले. ‘आजच तुमच्या खात्यात भरतो,’ असा निरोपही दिला. मुलाने दुसऱ्याच दिवशी पार्सल रवाना केले. आठवड्याने बँकेत चौकशी केली, तेव्हा असा चेक मुळी आलाच नव्हता. ‘‘सर, चेक तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता!’’ असे तो मला म्हणाला. कारागिरांची मजुरी त्याला पदरची भरावी लागली.

त्याची चूक कोठे झाली? आपल्या वाडवडिलांच्या काळी हुंडीचा व्यवहार चाले. हुंडी हाती आली म्हणजे पैसा आला, असे कोणी समजत नसे. ज्या पेढीवर ती लिहिलेली असे, ती पेढी सकारील तेव्हाच ती वटे. चेकचेही तसेच आहे. चेक म्हणजे पैसा नव्हे. पैसा द्यावा असा बँकेला दिलेला तो लेखी हुकूम होय. खात्यात शिल्लक नसली किंवा सही जुळली नाही, तर बँक तो परत करते.

यावर कोणी म्हणेल, ‘आता तर बँकाही चेकचे चित्रच पाठवितात!’ ते खरे आहे. पूर्वी कागदी चेक एका बँकेतून दुसरीकडे प्रत्यक्ष नेला जाई. दिल्ली परिसरात 2008 पासून, चेन्नईत 2011 पासून व मुंबईत 2013 पासून ही पद्धत बदलत गेली आणि 2021 मध्ये देशभरच्या शाखा नव्या पद्धतीत आल्या. आता आपण चेक भरला की कागद आपल्याच बँकेत राहतो. त्याचे चित्र आणि तळाच्या पट्टीवरील आकडे विजेच्या वेगाने पैसे देणाऱ्या बँकेकडे जातात. ती बँक सही व शिल्लक तपासून होकार किंवा नकार कळविते. 4 ऑक्टोबर 2025 पासून ही चित्रे दिवसभर सतत पाठविली जाऊ लागली आणि पूर्वी एक-दोन दिवस घेणारे काम बहुधा त्याच दिवशी उरकू लागले.

परंतु हे चित्र बँकेने बँकेला पाठविलेले असते. गिऱ्हाइकाने आपल्याला पाठविलेले छायाचित्र म्हणजे केवळ छायाचित्र. त्याला कोणतीही बँक बांधलेली नाही.

कायद्याचाही विचार करू. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 याच्या कलम 138 प्रमाणे पुरेशा शिलकीअभावी चेक न वटणे हा गुन्हा आहे. बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात न्यायालयात फिर्याद करता येते. मात्र चेक बँकेत भरलेला आणि परत आलेला असला पाहिजे. छायाचित्राच्या आधारावर हे कलम लागू होत नाही.

म्हणून विक्रेत्याने चार गोष्टी पाळाव्यात. चेक अस्सल कागदी स्वरूपात घ्यावा आणि त्यावर खाडाखोड नसल्याची व तारीख तीन महिन्यांच्या आतील असल्याची खात्री करून स्वतः बँकेत भरावा. रक्कम 50,000 रुपये वा अधिक असल्यास गिऱ्हाइकाला चेकचा तपशील आपल्या बँकेला आधी कळविण्यास सांगावे. ही सोय 1 जानेवारी 2021 पासून सुरू झाली आहे. कोणी जास्त रकमेचा चेक देऊन वरचे पैसे परत मागू लागला, तर चेक वटेपर्यंत एक पैसाही देऊ नये. फसवणुकीची ही जुनी रीत आहे. आणि चेक वटल्याचे आपल्या बँकेकडून कळल्यावाचून माल हलवू नये. एवढे करूनही फसगत झालीच, तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

गिऱ्हाइकाला थांबावयास सांगण्यात अविश्वास नाही. खऱ्या गिऱ्हाइकाचे त्यात काही बिघडत नाही. माझा तो विद्यार्थी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नम्रपणे कळवितो, ‘चेक वटला की त्याच दिवशी पार्सल निघेल.’ त्याचा धंदा त्यामुळे मुळीच घटलेला नाही.