लुगर पिस्तुलाची पारख

जर्मन लष्कराने १९०८ साली स्वीकारलेले लुगर पिस्तूल, म्हणजेच पी-०८, हे संग्राहकांचे लाडके. म्हणूनच त्यात बनवाबनवीही फार. पारख सुरू होते क्रमांकापासून. पूर्ण क्रमांक सांगाड्यावर आणि नळीवर असतो, तर बहुतेक लहान भागांवर त्याचे शेवटचे दोन आकडे. हे सगळे जुळले तर किंमत चढते. एखादा भाग बदललेला निघाला की घसरते. आकडे घासून नवे ठोकणारेही असतात, तेव्हा अंकांची घडण भिंगाखाली पाहावी लागते.

मूळ रंग त्याहून बोलका. जुन्या पिस्तुलांत मोठे भाग निळसर काळे आणि चापासारखे काही लहान भाग गवती पिवळे असत. सगळेच एकसारखे चकचकीत निळे, कडा गोलसर, ठसे पुसट असतील तर नंतर पॉलिश करून रंग चढवला असावा. अशा पिस्तुलापेक्षा झिजलेले पण अस्सल बरे.

तोफखान्यासाठीच्या २०० मिलिमीटर नळीच्या प्रकाराला भाव जास्त, त्यामुळे साध्या १०० मिलिमीटरच्या पिस्तुलाला लांब नळी बसवली जाते. अशा वेळी नळीचा क्रमांक आणि तिच्यावरची ८०० मीटरपर्यंत आखलेली नेमपट्टी बारकाईने तपासतात. त्याच क्रमांकाचे मॅगझिन सोबत असेल, तर किंमत आणखी वाढते.