मंचावरील पियानो : निवडीची खरी कसोटी

वाद्यवृंदासाठी डिजिटल पियानो घेऊ पाहणारा तरुण दुकानात शिरतो, कानांवर हेडफोन चढवतो, खर्जातील एक भरगच्च स्वरमेळ दाबून धरतो आणि त्याचा नाद विरेपर्यंत मुग्ध होऊन ऐकत राहतो. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची निवड चुकण्यास प्रारंभ होतो. कारण ज्या खर्जावर तो लुब्ध झाला, तो खर्ज ड्रम, बेस गिटार आणि दोन गायक यांच्या गजरात श्रोत्यांना तर नाहीच, खुद्द वादकालाही ऐकू यावयाचा नाही. एकांतात सर्वांगसुंदर भासणारा पियानो समूहात कुचकामी ठरू शकतो, हे मत मी सातत्याने मांडत आलो आहे; आणि ध्वनिनमुन्यांचा साठा किती गिगाबाइट भरतो यावरून वाद्यांची प्रतवारी मुक्रर करणाऱ्या मंडळींनी त्याचे समाधानकारक खंडन अद्यापि केलेले नाही.

मंचावरील विद्युत् पियानोचा आरंभीचा इतिहास सर्वश्रुत आहे. हॅरल्ड ऱ्होड्स यांच्या वाद्यात हातोडी पोलादी कांडीवर पडे, वुर्लिट्झरमध्ये पोलादी पट्टीवर. दोन्ही वाद्ये थोर, परंतु पियानोची जागा त्यांनी घेतली असे कोणी म्हणणार नाही. ती जागा मंचावर प्रथम घेतली ती १९७६ साली आलेल्या यामाहाच्या सीपी-७० ने, आणि त्याच्याविषयी लिहिताना लेखणी आवरती घेणे मला आजही जमत नाही. तारा खऱ्या, हातोड्या खऱ्या, नादफलक मात्र मुळीच नाही. घोडीवर बसवलेले पिझो पिकअप तारांचे कंपन थेट विद्युत्‌संकेतात रूपांतरित करीत, सबब मायक्रोफोन लावण्याची आणि त्यामागोमाग येणाऱ्या फीडबॅकच्या शिट्टीची पीडाच नाहीशी झाली. वाद्याचे दोन भाग विलग होत, तरी एकंदर वजन सुमारे १३० किलो भरे, आणि कार्यक्रमापूर्वी तारा सुरात लावण्यास निवांत वेळ द्यावा लागे. खर्जाच्या तारा आखूड असल्याने त्यांचे उपस्वर किंचित विस्कटलेले आणि नाद धातुमय येई. शुद्धतावाद्यांनी त्यावर नाके मुरडली. तथापि दिवाणखान्यात जो दोष, तोच समूहात गुण होता! खर्जात भरणा कमी, म्हणून बेस गिटारशी झगडा नाही. आघात धारदार, म्हणून प्रत्येक स्वर झांजांच्या कल्लोळातूनही सुस्पष्ट बाहेर येई. जेनेसिस या रॉक वृंदाच्या टोनी बँक्स यांनी आणि पीटर गॅब्रिएल यांनी हे वाद्य आपलेसे केले, ते उगीच नव्हे. आजही यामाहा आपल्या सीपी८८ मध्ये त्याच जुन्या कुळातील वाद्याचा आवाज देते, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील गाणी वाजवणाऱ्या वृंदात मी प्रथम तोच आवाज लावून पाहण्याचा आग्रह धरतो.

१९८३ साली यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर आला, आणि जो तो त्याच्या काचेसारख्या किणकिणाटामागे धावला. १९८६ च्या रोलँड आरडी-१००० पासून वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो मंचावर रुळला. पुढील काळ नमुन्यांच्या साठ्याच्या स्पर्धेत गेला. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. २००५ मध्ये स्वीडनहून नॉर्ड स्टेज आला आणि प्रत्येक कामाला समोरच एक बटण, ही मंचावरील वादकाची गरज कोणीतरी ओळखली एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

आता निवडीसंबंधी. पहिली गोष्ट, वाद्य एकाच वाहिनीतून ऐकावे. पियानोचे बहुतेक नमुने दोन माइक दूर ठेवून घेतलेले असतात; आपल्याकडील बहुसंख्य सभागृहांत साउंडवाला दोन्ही वाहिन्या एकत्र करतो, आणि मग एकच लहर दोन भिन्न वेळांनी येऊन मधल्या सप्तकातील काही स्वर खाऊन टाकते. दुकानातच डाव्या, मोनो लिहिलेल्या जॅकमध्ये वायर घालून एका स्पीकरवर वाजवावे, म्हणजे भ्रम फिटेल. वाद्यात एकेरी नमुन्याचा पियानो असल्यास तोच पत्करावा. अडीचशे-तीनशे हर्ट्‌झच्या आसपास आवाज थोडा कापता येतो की नाही, तेही पाहावे. पुरुषगायकाचा कंठ आणि पियानोचा गाळ यांची गर्दी तेथेच होते.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. तीन सेन्सरच्या पट्टीला पुरते वर येण्यापूर्वीच पुन्हा आघात देता येतो. द्रुत लयीत याचे महत्त्व अपार आहे. वजन मात्र बेताचे हवे. भव्य पियानोची तंतोतंत नक्कल करणाऱ्या जड पट्ट्यांची तरफदारी करणाऱ्यांनी रात्रभर लग्नसमारंभात वाजवून पाहावे, आणि नंतर तेच वाद्य जिन्यावरून उतरवावे.

तिसरी गोष्ट धुळीची आणि विजेची; ती कोणी लिहीत नाही. पट्टीखालच्या रबरी संपर्कात धूळ गेली की एखादाच स्वर अकस्मात किंचाळतो किंवा मुका होतो. गणपतीच्या मंडपातील धूळ याबाबत निष्ठुर आहे. जपानमधून परस्पर आलेले १०० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर जळून जाते. अडॅप्टरपेक्षा थेट वीजतार घेणारे वाद्य श्रेष्ठ, कारण अडॅप्टरची पिन वादकाच्या पायाने निसटते.

वाद्याइतकेच महत्त्व वाजवणाऱ्याच्या हातालाही आहे. मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यवृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याहून आलेल्या ज्या वादकांनी पियानो वाजवला, त्यांचा डावा हात मी लक्षपूर्वक पाहिला आहे: खर्ज डबल बासवाल्याकडे सोपवून तो मधल्या सप्तकात मोजकेच बोले. हा संयम कोणत्याही वाद्यासोबत विकत मिळत नाही, आणि आता तो शिकवतही कोणी नाही. आजच्या कित्येक ऑर्केस्ट्रांत वादक ट्रॅक सुरू करण्याचे बटण दाबून मोकळा होतो. गायकाने काळी चार मागितली की ट्रान्सपोज दाबतो, बोटे मात्र तीच ती वळणे गिरवतात. लग्नाच्या मंचावर तर भव्य पियानोचे पोकळ कवच उभे करून आत स्वस्त कीबोर्ड दडवण्याची रीत बोकाळली आहे. वाद्याचा हा अपमान मला असह्य होतो.

दुकानदारांना माझी विनंती एवढीच आहे, की त्यांनी अनामत घेऊन वाद्य एका संध्याकाळच्या तालमीपुरते गिऱ्हाइकाकडे देण्याची तजवीज करावी. आणि घेणाऱ्याने त्या तालमीस ड्रमवाल्याला व बेसवाल्याला अगत्याने बोलवावे, स्वतः वाजवून झाल्यावर दुसऱ्या कोणास वाजवावयास बसवावे, आणि आपण सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे.