रासुंदाचे मैदान

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. तिच्या उत्तरेस लागूनच सोलना शहर आहे. तेथील रासुंदा हे क्रीडांगण १९३७ पासून २०१२ पर्यंत स्वीडनच्या फुटबॉलचे राष्ट्रीय मैदान होते. आज ते उभे नाही. पण त्याच्या पाऊणशे वर्षांत कष्टकऱ्याने ध्यानात घ्यावे असे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट वेतनाची. १९४८ साली स्वीडनने लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्या संघातले ग्रेन, नोर्डाल आणि लिडहोल्म लवकरच इटलीत मिलानकडून पगारावर खेळू लागले. स्वीडनचे फुटबॉल हौशी. म्हणून पगार घेणाऱ्याला राष्ट्रीय संघाचे दार बंद झाले. खेळ तिकीट लावून दाखवावा, खेळणाऱ्याने मात्र दाम घेऊ नये, असा हा न्याय!

१९५८ ची विश्वचषक स्पर्धा स्वीडनमध्येच भरली, तेव्हा ते दार उघडले. २९ जून रोजी रासुंदावर अंतिम सामना झाला. चौथ्याच मिनिटाला पहिला गोल झाला, आणि तो केला कर्णधार लिडहोल्मने! पुढे ब्राझीलने ५-२ अशी बाजी मारली. १७ वर्षांच्या पेलेचे त्यांत दोन गोल. विजेत्यांनी स्वीडनचाच भला मोठा ध्वज धरून मैदानाला फेरी घातली.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. १९६५ साली पश्चिम जर्मनीविरुद्धच्या सामन्याला ५२,९४३ माणसे आली. हा येथला उच्चांक. त्या काळी उभ्याने खेळ पाहणाऱ्यालाही जागा होती. पुढे सर्वांना बैठक आली, सुरक्षितता वाढली. पण जागा सुमारे ३६ हजारांवर आल्या. १९९५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही येथेच झाला आणि नॉर्वेने जर्मनीला २-० ने हरविले. पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन्ही अंतिम सामने पाहिलेली मैदाने जगात दोनच: एक हे, दुसरे अमेरिकेतील रोझ बाऊल.

तिसरी गोष्ट जमिनीची. २०१२ साली जवळच सरकत्या छपराचे नवे क्रीडागृह उघडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रासुंदावर राष्ट्रीय संघाचा निरोपाचा सामना झाला, तोही ब्राझीलशीच. २०१३ मध्ये पाडकाम सुरू झाले आणि त्या जागी घरे व कचेऱ्या आल्या.

घरे बांधणे वाईट नव्हे. माणसाला छप्पर हवेच. पण जमिनीचा भाव करताना हजारो माणसांनी तेथे घालविलेल्या रविवारांची किंमत कोणत्या वहीत मांडतात? तो हिशेब लोकांनीच ठेवावा लागतो.