ढिगाच्या पोटातला विस्तव

सोयाबीन काढणीच्या दिवसांत पावसानं गाठलं, की धाराशिव-कळंबकडचा शेतकरी बनिमीत, म्हणजे कापून रचलेल्या पिकाच्या ढिगात, कोपरापर्यंत हात घालून बघतो. नुसती ऊब लागली तर थांबतो. चटका बसला तर बनीम तिथल्या तिथं मोडून पसरतो. कचरा डेपोला आग लागल्याची बातमी वाचली, की मला तो हात आठवतो.

बातमीत बहुतेकदा ‘कुणीतरी काडी टाकली’ असा संशय असतो. तसं घडतंही. पण ढिगाला काडी लागतेच असं नाही. ओल्या कचऱ्यावर जगणारे जिवाणू उष्णता सोडतात, आतलं तापमान ६०-७० अंशांवर जातं. त्यापुढं जिवाणू मरतात. पण तोवर कागद, चिंध्या, काटक्या हवेतल्या प्राणवायूनं आपणहून तापू लागलेल्या असतात. जितकं तापेल तितका तापण्याचा वेगही वाढतो.

मग गोठ्यामागचा उकिरडा थंडीत पहाटे नुसता वाफाळतो, पेटत का नाही? त्याचं गणित डेव्हिड फ्रँक-कामेनेत्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकाअखेरीस मांडलं. उष्णता ढिगाच्या सगळ्या पोटात तयार होते, बाहेर पडते ती फक्त पाठीवरून. जाडी दुप्पट केली, तर गाभ्यातली उष्णता बाहेर यायला चौपट वेळ लागतो. एका ठरावीक आकारापलीकडं ढीग स्वतःची उष्णता झेलूच शकत नाही. फ्रँक-कामेनेत्स्कीचे ज्येष्ठ सहकारी निकोलाय सेम्योनोव्ह यांना १९५६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या गणितात सगळं पोट एकसारखं तापलेलं होतं. गाभा गरम आणि कड थंड, हे खऱ्या ढिगाचं चित्र फ्रँक-कामेनेत्स्कीनं आणलं. हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचं देवनार १९२७ पासून कचरा झेलतंय. जानेवारी २०१६ मधल्या तिथल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. अशा कचऱ्याच्या डोंगरावर बंबानं पाणी मारलं, तर ते भेगांतून वाट काढून वाहून जातं आणि गाभा कोरडाच राहतो. वर प्लॅस्टिकचे थर पाणी अडवतात, आत मिथेन कोंडलेला असतो. म्हणून पोकलेननं थोडा थोडा भाग उकरायचा, पसरायचा, भिजवायचा, मातीनं दाबायचा. एकदम सगळं उघडलं तर आत हवा शिरते आणि भडका उडतो.

म्हणून खरी लढाई उंचीची आहे. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. ओल्या कचऱ्याच्या बुटक्या, लांब रांगा घाला आणि त्या पालटत राहा, हे त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. बनीम मोडणाऱ्याला ते वेगळं समजवावं लागत नाही. नगरपालिकेच्या डेपोवर हाताऐवजी लांब दांड्याचा तापमापक हवा: रोज सकाळी रांगेच्या पोटात खुपसायचा, अंश वहीत टिपायचे आणि काटा ७०च्या पुढं सरकला की त्याच दिवशी ती रांग जेसीबीनं मोडायची.